बारा तारांची गिटार घ्यायची, तर आधी तिची मान बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकीच्या गोष्टीचं उत्तर द्यायला नको. तुम्ही ऐरोलीला राहता, सहा वर्षं साधी सहा तारांची गिटार वाजवताय, मित्रमंडळींच्या भावगीतांच्या बैठकींत साथ करता. आता ट्वेल्व्ह स्ट्रिंग, म्हणजे सहा जोड्यांत बारा तारा असलेली गिटार, घ्यायची आहे. बजेट तीस हजारांपर्यंत, ऑनलाइन दोन मॉडेलं हेरून ठेवलीत, आणि एका जाणत्याने घाबरवून सोडलंय की आपल्या दमट हवेत हिची नेक, म्हणजे मान, वर्षभरात वाकते. तर दोनांतली कुठली घ्यायची, ती खरंच वाकते का, आणि घरी एसी नसला तर चालेल का?

मी ठाण्यात, नौपाड्यात, गिटारींची दुरुस्ती आणि सेटअप (तारांची उंची, नेक वगैरे जुळवणं) करतो. एकोणीस वर्षं झाली. बारा तारांच्या गिटारी माझ्याकडे सहा तारांच्या मानाने फार थोड्या येतात, पण ज्या येतात त्यांतल्या बहुतेकींची तक्रार एकच असते: ‘तारा फार वर आल्यात, दाबवत नाहीत.’ त्यात महाग-स्वस्त असा भेद फारसा नसतो. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत, एक ठणठणीत आणि दुसरी कामातून गेलेली. म्हणून मला विचाराल तर मॉडेल ही दुय्यम गोष्ट आहे. तुमच्या हातात येणारा तो एक नग पाच वर्षांनी वाजवण्याजोगा राहील का, हे घ्यायच्या दिवशीच बऱ्याच अंशी ओळखता येतं. ते कसं, एवढंच मुख्यतः सांगतो.

आधी ताणाचा हिशेब. सहा तारांच्या गिटारीवर नेहमीचा लाइट सेट, म्हणजे पातळ तारांचा संच, चढवला की सगळ्या तारा मिळून सत्तर ते पंच्याहत्तर किलोंनी ओढतात. बारा तारांचा नेहमीचा दहा-सत्तेचाळीसचा (हे तारांच्या जाडीचे आकडे) सेट मूळ सुरात लावला की हाच आकडा ११० ते ११५ किलोंच्या घरात जातो. एक धडधाकट माणूस आणि त्याच्या खांद्यावर बसलेलं शाळकरी पोर, असे दोघं चोवीस तास ब्रिजला, म्हणजे धडावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडाला, लटकलेत असं समजा. आणि ब्रिज चिकटवलाय तो जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडावर, म्हणजे टॉपवर (धडाच्या पुढच्या फळीवर). बनवणारे आतल्या पट्ट्या थोड्या भक्कम करतात, पण फार भक्कम केल्या तर टॉप हलणार नाही आणि आवाज मरेल. या दोन्हींच्या मधली वाट काढणं हीच बारा तारांच्या गिटारीची सगळी कसरत आहे.

आता ‘नेक वाकते’ म्हणजे काय, ते बघू. या एका वाक्यात दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. पहिलं म्हणजे नेक धनुष्यासारखी पुढे झुकणं. त्यावर इलाज आत बसवलेलाच असतो, ट्रस रॉड नावाचा धातूचा दांडा. किल्लीचा पाव फेरा, कधी अर्धा, आणि काम संपलं. त्याला घाबरायचं कारण नाही. दुसरं दुखणं खरं. त्यात नेक सरळच राहते, पण ती धडाला जिथे जोडली आहे तिथला कोन बदलतो. तारांच्या ओढीने धडाचा वरचा भाग साउंडहोलकडे (मधल्या गोल भोकाकडे) किंचित दुमडतो, ब्रिजच्या मागे टॉपला पोट सुटतं, ब्रिज पुढे कलतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीपासून, लांब जातात. ट्रस रॉड कितीही पिळा, यावर त्याचा उपाय चालत नाही. नेक सुटी करून कोन बदलून पुन्हा बसवावी लागते, आणि तीस हजारांच्या गिटारीवर त्या कामाचा खर्च सहसा परवडत नाही. मीच लोकांना ‘नका करू’ म्हणून सांगतो. तेव्हा त्या जाणत्याचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त वाकतो तो भाग वेगळा आहे.

माझी स्वतःची पहिली ट्वेल्व्ह स्ट्रिंग सेकंडहँड होती, डोंबिवलीतल्या एका गृहस्थांकडून घेतलेली. तेव्हा मी कळव्याला भाड्याच्या खोलीत राहायचो, वर पत्रे. मे महिन्यात ती मूळ सुरात लावून गोदरेजच्या कपाटावर ठेवली आणि झोपलो. रात्री कधीतरी भांड्यांचा ढीग कोसळावा तसा आवाज झाला. उठून बघतो तर ब्रिज टॉपचा एक पापुद्रा सोलून घेऊन सुटला होता आणि बारा तारा कपाटावरून खाली लोंबत होत्या. घरमालक काठी घेऊन दारात उभे. दोष गिटारीचा नव्हता. पत्र्याखाली, कपाटाच्या वर, मेमधल्या उकाड्यात गोंद मऊ पडणारच. ब्रिजच्या मागच्या बाजूला आधीपासूनच केसाएवढी फट होती, आणि घेताना मी ती बघितलीच नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून दुकानात गेलात की सगळ्यात आधी तीच फट बघा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सरकवायचा प्रयत्न करायचा. जरासा जरी आत गेला तरी ती गिटार परत ठेवा. मग गिटार आडवी धरून टॉपकडे डोळा नेऊन बघा. ब्रिजच्या मागे थोडी गोलाई सगळ्याच बारा तारांच्या गिटारींना असते, ती ताणाचीच खूण आहे. पण ब्रिजपुढे, साउंडहोलच्या बाजूला, खड्डा पडलेला दिसला तर ती घेऊ नका.

त्यानंतरची तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती करताना दुकानदार तुमच्याकडे थोडा विचित्र नजरेने बघेल. बघू द्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती दोन फुटी स्टीलची पट्टी सोबत न्या. ती उभी धरून तारांच्या मधल्या फटीतून फ्रेटांवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या काड्यांवर) टेकवा आणि ब्रिजपर्यंत जाऊ द्या. पट्टीची खालची कड ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला अलगद टेकली किंवा केसभर वरून गेली, तर कोन चांगला आहे. पट्टी ब्रिजच्या पुढच्या अंगावर जाऊन धडकली, तर ती गिटार नवीन असूनही म्हातारी आहे. पॉलिश कितीही चकचकीत असो, तिच्याकडे पाठ फिरवा. हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने सॅडलवरून कळते. ब्रिजच्या वर सॅडलचं हाड, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पांढरी पट्टी, किमान तीन मिलिमीटर दिसायला हवी. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, दुप्पट. सॅडल आधीच चपटं असेल तर घासायला उरतं काय?

दुकानात लटकलेल्या गिटारींची ॲक्शन, म्हणजे तारांची उंची, बहुधा जास्तच असते. बाराव्या फ्रेटवर तीन मिलिमीटर किंवा त्याहून वर. केवळ त्यामुळे नाही म्हणू नका. मी सेटअप करतो तेव्हा जाड तारांकडे साधारण अडीच मिलिमीटर आणि पातळ तारांकडे दोनच्या आत-बाहेर ठेवतो. सॅडल भरपूर वर असेल आणि पट्टीने कोन बरोबर दाखवला असेल, तर उंच ॲक्शन म्हणजे फक्त राहून गेलेलं काम. ते तासा-दोन तासांत होतं.

आता नट, म्हणजे डोक्याजवळची तारांच्या खाचांची पट्टी, त्याबद्दल थोडं. ‘ट्वेल्व्ह स्ट्रिंग कधीच सुरात लागत नाही’ अशी जी ख्याती आहे, तिचा निम्मा दोष नटाचा असतो. खाचा उथळ कापलेल्या असल्या तर पहिल्या दोन फ्रेटांवर तार दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. मोकळ्या तारा ट्युनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) अचूक, आणि साधा सी किंवा डी कॉर्ड धरला की सगळं आंबट. तपासायचं असं: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट उरते ते बघा. कागदाएवढी हवी. नखाएवढी दिसली तर खाचा खोल करून घ्याव्या लागतील. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारींत मला हे जवळजवळ दरवेळी करावं लागतं.

एक खोट मात्र कुठल्याही सेटअपने पूर्ण जात नाही. खालच्या सुरांच्या चार जोड्यांत एक जाड तार असते आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली पातळ. जाड तारेला सॅडल थोडं मागे हवं असतं, पातळ तारेला पुढे. पण दोघींना सॅडल एकच. त्यामुळे वरच्या फ्रेटांवर, सातव्याच्या पुढे, जोडीतल्या दोघींचं थोडं बिनसतंच. तुम्ही भावगीतांना साथ करता, म्हणजे बहुतेक कॉर्ड खालच्या पाच फ्रेटांतच येणार. तुम्हाला हे फारसं जाणवणार नाही. सोलो वाजवणाऱ्याला मी हे आधीच सांगतो.

बोटांचं काय, तर नटाची रुंदी बघा. साध्या गिटारीला ती ४३-४४ मिलिमीटर असते, बारा तारांच्या गिटारींना बहुधा ४६ ते ४८. दोन मिलिमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, हाताला लगेच कळतो. तुमची बोटं जाड असतील तर ४८ कडे झुका, तळवा लहान असेल तर ४६ बरी. हे मला इथे बसून सांगता येणार नाही. दुकानात एफचा बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) पाच मिनिटं धरून ठेवा, म्हणजे उत्तर मिळेल. आणि पट्ट्याने गळ्यात अडकवून उभे राहा. बारा किल्ल्यांचं डोकं जड असतं. काही गिटारींत हात सोडला की नेक खाली झुकते, आणि मग डाव्या हाताला वाजवायचंही आणि सावरायचंही.

आता मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत अशी गोष्ट. ही गिटार मूळ सुरात ठेवूच नका. सगळ्या तारा एक स्वर, म्हणजे दोन फ्रेट, खाली उतरवा आणि मूळ सूर हवा असेल तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड, लावा. एक स्वर उतरवला की ताण सुमारे वीस टक्क्यांनी कमी होतो. ११५ चे ९२ किलो. म्हणजे खांद्यावरचं ते पोर निम्म्याहून जास्त खाली उतरलं. यात कमीपणा कसलाच नाही. बारा तारांच्या गिटारीचे जे आद्य पुरुष मानले जातात ते अमेरिकन लोकगायक लेडबेली, १९४९ साली गेले, त्यांची गिटार तर आजच्या मूळ सुरापेक्षा कितीतरी खाली लावलेली असायची. अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकेही आपली खालीच लावतात. आवाज त्याने उलट भरदार होतो.

दुसरा फायदा म्हणजे तार तुटणं कमी होतं. तिसऱ्या जोडीतली पातळ तार ही गिटारीवरची सगळ्यात वरच्या सुराची तार, पहिल्या तारेपेक्षाही वर. जाडी अवघी ०.२ मिलिमीटर. मूळ सुरात ती कायम तुटण्याच्या काठावर असते, आणि तुटते तीही नेमकी कार्यक्रमाच्या वेळी. एक स्वर खाली ती निवांत राहते. तरीही ती एक सुटी तार बॅगेत जास्तीची ठेवा. कॅपो मात्र स्क्रूने आवळायचा घ्या. चिमट्यासारख्या स्प्रिंगच्या कॅपोखाली जाड तार दबते आणि शेजारची पातळ तशीच झणझणत राहते.

सूर लावण्याची भीती तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत, पण ती असतेच. तुम्ही तानपुरा लावताना कुणाला बघितलं असेल तर अर्धं काम झालं. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिळतात तेव्हा आधी आवाजात लाटा येतात, मग लाटा लांब होत जातात आणि शेवटी थांबतात. इथेही तेच. आधी फक्त सहा मुख्य तारा लावा, त्या वेळी जोडीदार तारेवर बोट ठेवून ती गप्प करा, कारण दोन्ही वाजल्या तर क्लिपचा ट्युनर गोंधळतो. मग जोडीदार तारा ट्युनरकडे न बघता कानाने मिळवा. बारावी लागेपर्यंत पहिली थोडी उतरलेली असते, म्हणून दुसरी फेरी घ्यावीच लागते. सुरुवातीला पंधरा मिनिटं जातील, दोन महिन्यांनी चार. ज्यांना ही चार मिनिटंही नकोशी वाटतात, त्यांच्या घरी ही गिटार भिंतीवर जाते.

म्हणूनच एक पर्याय सुचवतो. कदाचित दुकानदाराला तो आवडणार नाही. तुमच्या बैठकीत दुसरा कुणी गिटार वाजवणारा असेल, तर तुम्हाला बारा तारा लागतातच असं नाही. घरातल्या जुन्या सहा तारांच्या गिटारीवर बारा तारांच्या सेटमधला फक्त पातळ निम्मा भाग चढवा. खालच्या सुरांच्या चार तारा वरच्या सप्तकात, वरच्या सुरांच्या दोन नेहमीच्या. याला नॅशव्हिल ट्युनिंग म्हणतात. एकाने साधी गिटार आणि दुसऱ्याने ही वाजवली की समोरच्याला बारा ताराच ऐकू येतात, आणि खर्च एका सेटचा. महिनाभर हे करून बघा. तरीही एकट्याच्या हातात तो झणकार हवाच असं वाटलं, तर मग बेधडक घ्या.

आता तुमची दोन मॉडेलं. यामाहाची एफजी ८२०-१२ मला या किमतीत समंजस गिटार वाटते. टॉप सॉलिड स्प्रूसचा, म्हणजे अखंड लाकडाचा, बाकी अंग महोगनीचं, नट ४६ मिलिमीटर आणि तारेची लांबी ६३४. ही लांबी ६५०च्या गिटारीपेक्षा थोडी कमी आहे, त्यामुळे त्याच तारा त्याच सुरात साधारण पाच टक्के कमी ताण देतात. महोगनीही मला इथे रोजवुडपेक्षा बरी वाटते. बारा तारांत मुळातच इतका झणकार असतो की रोजवुडने त्यात आणखी भर घातली की गायकाचे शब्द बुडतात. हे माझं मत, रोजवुडवाले भांडतील. तुमच्या दुसऱ्या मॉडेलच्या वर्णनात नुसतं ‘स्प्रूस टॉप’ लिहिलंय, ‘सॉलिड’ हा शब्द नाही. असं लिहितात तेव्हा तो बहुधा प्लायवुडचा असतो. प्लायवुड वाईट नाही, पावसाळ्यात ते कमी फुगतं. पण त्याच पैशात सॉलिड टॉप मिळत असेल तर मी तो घेईन. मात्र मी म्हणतोय ती एफजी आणि तुमच्या हातात येणारी एफजी यांत फरक असू शकतो, हे सुरुवातीला सांगितलंच आहे. म्हणून ऑनलाइन घेऊ नका, किंवा घेतलीत तर सात दिवसांत परत करता येते का ते आधी बघा आणि पार्सल उघडल्या दिवशीच पट्टी लावा. लोकलने एक चक्कर धोबी तलावपर्यंत मारलीत तर तीन-चार नग हातात घेऊन बघता येतील. पिकअप (स्पीकरला जोडायचं उपकरण) बसवलेली घेण्याचा हट्ट धरू नका. तेच पैसे सेटअपला लावा, पिकअप पुढे कधीही बसतो.

राहिला एसीचा प्रश्न. लाकडाला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के दमटपणा मानवतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ऐंशीच्या वर आठवडेच्या आठवडे जातात. टॉप ओल धरतो, फुगतो, तारा वर येतात. हिवाळ्यात तोच टॉप बसतो आणि तारा खाली येऊन फ्रेटांवर खरखरतात. हा दरवर्षीचा खेळ आहे, त्याने गिटार मरत नाही. म्हणून मी दोन सॅडल ठेवायला सांगतो, एक पावसाळ्याचं किंचित ठेंगणं. रात्री एसी आणि दिवसा बंद खिडक्या हा प्रकार त्याहून वाईट, कारण लाकूड रोज दोनदा वर-खाली होतं. त्यापेक्षा एसी नसलेल्या खोलीत, बाथरूमच्या भिंतीपासून लांब, चांगल्या केसमध्ये (गिटारीच्या पेटीत) सिलिकाच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या, मोठ्या पुड्या ठेवून गिटार बंद करा. केसमध्ये एक छोटा डिजिटल मीटर टाका, काहीशे रुपयांत मिळतो. आकडा साठच्या वर गेला की पुड्या बदलायच्या किंवा तव्यावर मंद आचेवर वाळवून परत ठेवायच्या. आणि उन्हात पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत कधीही नाही. खारघरच्या एका मुलाची गिटार माझ्याकडे तशी आली होती. ती बघून मला माझं कळव्याचं कपाट आठवलं.

गणपतीत आठ-दहा दिवस गावी जात असाल तर निघायच्या आदल्या रात्री सगळ्या तारा आणखी एक स्वर उतरवून ठेवा. पूर्ण काढू नका, नाहीतर नेक उलटी मागे जाते. परत आल्यावर लगेच चढवू नका. केस उघडून गिटार दिवसभर तशीच ठेवा आणि संध्याकाळी जाड तारांपासून सुरुवात करा.